काखेत तुरटी, गावाला वळसा

गेल्या अंकात घामोळ्यांवर लिहिलं होतं अन् शेवटी सहज म्हणलं होतं, घामाच्या वासाबद्दल काही विचारायचं असंल तर लाजू नका, लिहून पाठवा. तर बाई बाई, इतकी पत्रं! अन् जवळपास सगळ्यांच्या खाली एकच ओळ, नाव छापू नका. नाही छापत. २६ वर्षं झाली परभणीत मेडिकलच्या काउंटरला बसते, हा विषय कसा निघतो ते मला माहितीय. माणूस आधी डोकेदुखीची गोळी मागतो, मग चिकटपट्टी मागतो, मग दुकान रिकामं व्हायची वाट बघत फळीवरच्या टूथपेस्ट वाचत उभा राहतो अन् शेवटचं गिऱ्हाईक गेलं की हळूच म्हणतो, "माझ्या एका मित्राला लई वास येतो अंगाला, त्याच्यासाठी काही आहे का?" मित्राचा वास मला काउंटरच्या अलीकडं येत असतो, पण मी पण म्हणते, हो आहे ना, सांगा मित्राला.

एवढं ध्यानात ठेवा की मी डॉक्टर नाही, औषधं देणारी बाई आहे. जिथं डॉक्टरचं काम आहे तिथं सरळ तसं लिहिलंय.

प्रश्न : ताई, मी अंबाजोगाईला शाळेवर आहे. चार वर्षांपासून रोज रोल-ऑन लावते, कारण पाच तास उभं राहून शिकवायचं अन् ब्लाऊज घामानं भिजलेला पोरांना दिसतो. मागच्या महिन्यात आमच्या ग्रुपवर मेसेज आला की रोल-ऑननं काखेतलं विष आत अडकतं अन् स्तनाचा कॅन्सर होतो. माझ्या सख्ख्या मावशीला तोच झाला होता, म्हणून मी घाबरून बंद केलं. सासूबाई म्हणतात, ते केमिकल सोड, तुरटी लाव, ती नैसर्गिक आहे. खरं काय समजायचं?

उत्तर : मॅडम, तो मेसेज मला पण आलाय, एकदा भाचीकडून, दोनदा भिशीच्या ग्रुपवरून. तो व्हॉट्सॲपपेक्षा म्हातारा आहे. १९९० च्या दशकाच्या शेवटी शेवटी तो ईमेलवर फिरत होता, तिथून फिरत फिरत तुमच्या स्टाफ रूमपर्यंत पोचला.

आता त्यातलं एकेक बघू. घामातून विष बाहेर पडतं म्हणतात, तर घाम म्हणजे ९९ टक्के पाणी, बाकी थोडं मीठ अन् किरकोळ सटरफटर. रक्त गाळायचं काम किडनी अन् लिव्हरचं, काखेचं नाही. काखेत गाठी असतात हे खरं, पायाला जखम झाली की जांघेत अवधान येतं ना, तसल्याच गाठी काखेत पण असतात, पण त्या गाठींचा अन् घामाच्या ग्रंथींचा नळ एकमेकाला जोडलेला नाही. मग म्हणतात की कॅन्सर बघा काखेच्या बाजूलाच जास्त होतो. होतो, स्तनाच्या वरच्या बाहेरच्या भागात जास्त सापडतो, पण स्तनातल्या ग्रंथी सगळ्यात जास्त तिथंच असतात म्हणून. ज्या वावरात पेरा जास्त तिथं उगवण पण जास्त.

अन् हे कुणी तपासलंच नाही असं नाही. अमेरिकेत सिएटल भागात स्तनाचा कॅन्सर झालेल्या ८१३ बायका अन् न झालेल्या ७९३ बायका यांना विचारून बघितलं, काय लावत होता, किती दिवस, काखेतले केस काढल्यावर तासाभराच्या आत लावत होता का. २००२ मध्ये ते छापून आलं. दोन्हीकडं फरक सापडला नाही. मग २००४ मध्ये इंग्लंडमधून एक बातमी आली की कॅन्सरच्या गाठीत पॅराबेन, म्हणजे क्रीम-बिम टिकावं म्हणून घालतात ते द्रव्य, सापडलं, तिच्यानं परत धुरळा उडाला, पण त्यात २० गाठी तपासल्या होत्या, शेजारचा निरोगी भाग तपासलाच नव्हता अन् ते पॅराबेन क्रीममधून आलं का खाण्यातून का आणखी कुठून ते पण बघितलं नव्हतं. आताच्या बहुतेक रोल-ऑनमध्ये पॅराबेन नसतंच, पाठीमागं बारीक अक्षरात असतं, चष्मा लावून वाचा.

राहिलं रोल-ऑनमधलं ॲल्युमिनियम, ज्याला लोक भितात. डिओ अन् अँटीपर्स्पिरंट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, गिऱ्हाईकं दोन्हीला डिओच म्हणतात म्हणून गोंधळ होतो. डिओ वास झाकतो अन् थोडे जंतू मारतो, घाम येतच राहतो. अँटीपर्स्पिरंट घाम अडवतं, तुमचं घाम थांबवणारं रोल-ऑन याच जातीतलं, त्यात ॲल्युमिनियमचा क्षार असतो, तो घामात विरघळून ग्रंथीच्या तोंडाशी जेलीसारखी गुठळी करतो, नळीच्या तोंडाला गाळ बसावा तशी, अन् काही दिवसात कातडी झडते तशी ती गुठळी पण निघून जाते. कातडीतून किती आत जातं हे २००१ मध्ये मोजलं होतं, लावलेल्यापैकी साधारण ०.०१२ टक्के. म्हणजे एक ग्रॅम ॲल्युमिनियम चोपडलं तर आत गेलं एका मिलिग्रॅमचा आठवा हिस्सा. ती मोजणी दोनच माणसांवरची होती हे पण सांगते, उगं लपवायचं कशाला. पण नंतर युरोपात सौंदर्यप्रसाधनं तपासणाऱ्या शास्त्रज्ञांच्या समितीनं २०२० मध्ये पुढच्या मोजण्या बघून सांगितलं की ठराविक प्रमाणापर्यंत हे रोज वापरायला हरकत नाही. अन् आपण ॲसिडिटीचं ते गुलाबी औषध झाकण झाकण पितो ना, त्यातल्या कितीतरी बाटल्यांत शेकडो मिलिग्रॅम ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड असतं, एका डोसला. जर्मनच्या पातेल्यात चिंचेचं सार उकळतो त्यातून येतं ते वेगळंच. त्याचा मेसेज मला अजून कुणी पाठवला नाही.

आता सासूबाईंची तुरटी. त्यांना नमस्कार सांगा अन् चहा पिताना हळूच सांगा की तुरटी म्हणजे पोटॅशियम ॲल्युमिनियम सल्फेट. ॲल्युमिनियमच! ऑनलाइन ते काचेसारखे गुळगुळीत खडे "केमिकल-फ्री क्रिस्टल डिओ" म्हणून चांगले शेकड्यात विकतात, ती पण तुरटीच, पॉलिश केलेली. आपल्याकडं टँकरचं गढूळ पाणी आलं की रांजणात फिरवतो ती, दाढी झाल्यावर न्हावी गालावर फिरवतो ती. ॲल्युमिनियमला भिऊन रोल-ऑन टाकायचं अन् ॲल्युमिनियमचा खडाच काखेत घासायचा, याला काय म्हणावं. तुरटी वाईट आहे असं नाही म्हणत मी, उलट चांगली आहे, स्वस्त आहे, जंतू वाढू देत नाही, वास कमी करते. पण रोल-ऑनइतका घाम ती थांबवत नाही, त्यामुळं तुमचा ब्लाऊज भिजायचा तो भिजणारच.

म्हणून माझं मत विचाराल तर रोल-ऑन खुशाल लावा, फक्त रात्री लावा. हे कंपनीच्या जाहिरातीत सांगत नाहीत, तिथं माणूस सकाळी घाईघाईत लावून ऑफिसला पळतो. रात्री घाम कमी असतो, कातडी कोरडी असते, गुठळी नीट बसते, अन् सकाळी आंघोळ केली तरी निघून जात नाही. घाम वाहत असताना वरून लावलं की ते घामाबरोबर वाहून ब्लाऊजला लागतं, तेच ते पिवळे डाग.

मावशीचं मात्र मनावर घ्या, मेसेजचं नका घेऊ. घरात आजार असेल तर तपासणी कोणत्या वयात चालू करायची ते बाईंच्या डॉक्टरला विचारून घ्या, अन् मॅमोग्राफीला, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेला, जायच्या दिवशी रोल-ऑन, पावडर, तुरटी काहीच लावू नका, त्याचे कण फोटोत पांढऱ्या ठिपक्यांसारखे दिसतात अन् डॉक्टर उगं बुचकळ्यात पडतात. काखेत गाठ लागली अन् दोन-तीन आठवड्यात गेली नाही तर दाखवा. वारंवार काखमांजरी होत असेल, एक बसली की दुसरी, आतून नाळा पडल्यासारखं, तर पोटीस बांधत बसू नका, तो कातडीचा वेगळा आजार असतो, त्याला त्वचेचे डॉक्टर लागतात.

प्रश्न : काकू मी लातूरला ट्यूशन एरियात रूम करून राहतो, नीटची तयारी चालूय. रूमवर आम्ही चौघं. मला लई घाम येतो अन् वास पण यायला लागलाय, क्लासमध्ये माझ्या शेजारची पोरं बेंच बदलतात हे मला कळतं. दिवसातून तीनदा डिओ मारतो, महिन्याला दोन बाटल्या जातात, घरी सांगता येत नाही. पाणी रोज येत नाही, एका बादलीत भागवावं लागतं. मी काय करू, अभ्यासात लक्ष लागत नाही.

उत्तर : बाळा, तुझं पत्र दोनदा वाचलं. बेंच बदलतात ते वाचून वाईट वाटलं, पण हे सुटणारं आहे, अन् दोन बाटल्यांच्या पैशापेक्षा कमीत सुटणारं आहे.

तू बायोलॉजीवाला, तर तुला तुझ्याच भाषेत सांगते. नुसत्या घामाला वास नसतो. अंगभर ज्या घामाच्या ग्रंथी आहेत, २० ते ४० लाख, त्या पाणी-मीठ सोडतात, त्या अंग थंड करायला. काखेत, जांघेत दुसऱ्या जातीच्या ग्रंथी असतात, अपोक्राइन, त्या वयात आल्यावर चालू होतात, त्यांचा घाम जरा दाट, त्यात चरबी अन् प्रथिनं. तिथं राहणारे जंतू, कोरिनेबॅक्टेरियम अन् स्टॅफिलोकोकस जातीतले काही, ते खातात अन् त्यातून जे आम्ल अन् गंधकाची संयुगं सुटतात तो तुझा वास. गंधकवाल्यांचा वास तर कांद्यासारखा, नखभर असला तरी खोलीभर होतो. म्हणून तू वरून डिओ मारतोस तेव्हा काय होतं, खाली जंतूंची पंगत चालूच, वर मोगऱ्याचा वास, दोन्हीचं मिळून जे तयार होतं ते बेंच बदलण्यासारखंच असतं. राग मानू नको.

एका बादलीचं म्हणशील तर मी २०१६ चा उन्हाळा बघितलाय, मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं तुमच्या लातूरला, तेव्हा पण माणसं आंघोळ करतच होती. अख्ख्या अंगावर पाणी ओतायची गरज नाही. दोन तांबे बाजूला काढ. एका तांब्यात काखा अन् जांघा ओल्या करून साबणानं हातानं नीट चोळायच्या, नुसता फेस फिरवायचा नाही, अर्धा मिनिट तरी, दुसऱ्या तांब्यात धुवायच्या. सकाळी एकदा, क्लासवरून आल्यावर एकदा. मग पुसून कोरडं करायचं, हे सगळ्यात महत्त्वाचं अन् हेच कुणी करत नाही, ओल्या काखेवर बनियन चढवतात. केस कात्रीनं बारीक कर, घाम अन् जंतू केसाला धरून बसतात. केसांवर पिवळट खरखरीत कण चिकटलेले दिसत असतील तर तो पण जंतूंचाच थर असतो, केस काढून टाकले की जातो बहुतेक वेळा.

पिंपल्ससाठी बेंझॉइल पेरॉक्साइडचा फेसवॉश मिळतो, तुमच्यापैकी एखाद्याकडं असेलच. अडीच टक्क्यांचा असेल तर आठवड्यातून दोनदा काखेला लावायचा, मिनिटभर ठेवायचा, धुवून टाकायचा. जंतू चांगले कमी होतात. फक्त रंगीत टॉवेलला पुसू नको, रंग उडतो, पार पांढरे चट्टे पडतात, रूम पार्टनरच्या टॉवेलला तर अजिबात पुसू नको. आग झाली तर बंद कर.

अन् तुझे कपडे. पत्रात लिहिलं नाहीस पण पैजेवर सांगते, तू ते चकचकीत जर्सीसारखे टी-शर्ट घालतोस, धुवायला सोपे, वाळायला सोपे. पॉलिएस्टर घाम पीत नाही पण वास धरून ठेवतं, धुतल्यावर वास गेल्यासारखा वाटतो अन् घातल्यावर अंगाची ऊब लागली की दहा मिनिटात परत. त्यापेक्षा सुती घाल. जे आहेत ते उलटे करून काखेच्या जागी वडीचा साबण घासून अर्धा तास ठेव अन् मग धू, अन् उलटेच कडक उन्हात वाळव, रूममधल्या दोरीवर पंख्याखाली नको, तिथं कुबट होतात. ऊन मराठवाड्यात फुकट आहे, त्याचा तरी वापर कर.

डिओची बाटली खिडकीत ठेवू नको. आत बहुतेक वेळा ज्वलनशील गॅस भरलेला असतो, ५० डिग्रीच्या वर बाटली फुटू शकते, अन् मे महिन्यात पत्र्याच्या रूमच्या खिडकीत काय होतं ते मी सांगायला नको. मच्छर अगरबत्ती पेटलेली असताना पण मारू नको. २०२१ मध्ये अमेरिकेत काही स्प्रे कंपन्यांनी स्वतःहून परत मागवले होते, त्यात बेंझीन सापडलं होतं, ते कॅन्सरचं कारण असतं हे पक्कं माहीत असलेलं रसायन आहे. म्हणजे भ्यायचंच असेल तर भ्यायला जागा आहेत, पण लोक रोल-ऑनला भितात अन् स्प्रे अर्धी बाटली मारतात.

एवढं सगळं महिनाभर करून पण घाम धारांनी वाहत असेल, वही ओली होत असेल, पेपरला हातातून पेन निसटत असेल, तर तो घामाचा आजार असतो, हायपरहायड्रोसिस म्हणतात, त्याला डॉक्टर रात्री लावायचं २० टक्के ॲल्युमिनियम क्लोराइडचं औषध देतात, हातापायाला आयंटोफोरेसिस नावाचं मशीन असतं, पाण्यात हात ठेवून बारीक करंट. त्यात लाजण्यासारखं काय आहे. अन् पुढं डॉक्टर झालास की तुझ्याकडं कुणी असं विचारायला आलं तर नाक मुरडू नको.

प्रश्न : ताई मी जालन्याची, वय २९. यूट्यूबवर बघून काखेत लिंबू अन् खायचा सोडा लावला, वीसेक दिवस. वास तर गेला नाही, उलट कातडी काळी पडली, आग होते, सालपटं निघतात. मग मामेबहिणीनं एक गोरेपणाची क्रीम दिली ती लावली, आठ दिवस बरं वाटलं, आता आणखी वाईट. मान पण काळी पडलीय दोन वर्षांपासून. रोल-ऑन लावायची भीती वाटते म्हणून तर हे सगळं केलं.

उत्तर : नैसर्गिक म्हणून काहीही लावलं की असं होतं बघा. आपली कातडी किंचित आंबट असते, पीएच साधारण ५ च्या आसपास (पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा कमी तेवढं आंबट). लिंबू २, सोडा ८ च्या वर. म्हणजे आधी एकीकडून ओढायचं मग दुसरीकडून. अन् दोन्ही एकत्र कालवले की फस्स करून एकमेकाला मारतात, उरतं खारट पाणी, त्यात मोठा गुण तो काय. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर कातडीवर डाग अन् फोड पण उठतात, मोसंबीच्या गावच्या तुम्ही, मोसंबीच्या जातीतल्या सगळ्याच फळांच्या रस-सालीपासून सांभाळून राहायचं.

ती क्रीम आजच्या आज टाकून द्या. गोरेपणाच्या अन् गजकर्णाच्या कितीतरी क्रीममध्ये स्टेरॉइड असतं, आठ दिवस जादू वाटते अन् मग कातडी पातळ होते, बुरशी असेल तर आतून पसरते. माझ्याकडं रोज दोघं-तिघं असली ट्यूब मागायला येतात, नुसतं नाव लिहिलेली चिठ्ठी घेऊन, मी डॉक्टरचा कागद मागितला की शेजारच्या दुकानात जातात. काय करणार.

आता तीन आठवडे काखेला काहीच लावायचं नाही. साधा सौम्य साबण, कोरडं पुसणं, आग होत असेल तर खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं किंवा कॅलामाइन, सैल सुती ब्लाऊज, बाह्यांना अस्तर नको. रेझर नको. अन् मान काळी, काख काळी, कातडी मखमलीसारखी जाडसर लागत असेल तर ते मळ किंवा डिओचं काम नाही, बऱ्याचदा अंगात इन्सुलिन नीट काम करत नाही त्याची खूण असते. घासून जात नाही ते. शुगर तपासा, वजन बघा, पाळी पुढंमागं होत असेल तर तेही डॉक्टरला सांगा. लिंबू सरबतात घाला.

मग वासाला काय लावायचं, तर कातडी बरी झाल्यावर तुरटी. आंघोळीनंतर खडा पाण्यात बुडवून पाच-सहा वेळा हलकेच फिरवायचा, वाळू द्यायचं, मग कपडे. तुरटीची तव्यावर लाही करून पूड चोळतात काहीजण, ती कोरडी पूड घासू नका, खरचटतं. अन् केस काढल्या दिवशी तर तुरटी नाहीच. हे मी पुस्तकातून नाही सांगत, एका लग्नाच्या घाईत मी स्वतः रेझर फिरवून वर तुरटी घासली होती अन् मंगलाष्टकं संपेपर्यंत दोन्ही हात पंखासारखे लांब धरून उभी होते, जाऊबाईला वाटलं नवीन बांगड्या दाखवायलीय.

कडुलिंबाचा पाला, वाळा, चंदन, मुलतानी माती याबद्दल बऱ्याच जणींनी विचारलंय. वापरा की, गार वाटतं, वाळ्याचा वास तर मला पण लई आवडतो, माठात टाका, बादलीत टाका. पण त्यानं घाम थांबणार नाही अन् वास तासा-दोन तासात परत येणार हे धरून चाला. अन् चंदन म्हणून पुडीत काय मिळतं ते चंदनालाच माहीत.

प्रश्न : वडिलांचं नांदेडला आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू आहे. त्यांना रोल-ऑन चालेल का तुरटी?

उत्तर : दोन्ही डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. आपल्या अंगात आलेलं ॲल्युमिनियम किडनी बाहेर टाकते, तीच थकली तर ते साठतं. १९७० च्या दशकात डायलिसिसच्या पाण्यातल्या ॲल्युमिनियमनं पेशंटच्या मेंदूवर परिणाम झाल्याचं दिसलं होतं, म्हणून आता ते पाणी खास गाळून वापरतात. अमेरिकेत तर अँटीपर्स्पिरंटच्या डब्यावरच लिहावं लागतं की किडनीचा आजार असेल तर आधी डॉक्टरला विचारा. अन् रोल-ऑनपेक्षा ॲसिडिटीचं पातळ औषध घरात असेल ते आधी बघा, मनानं देऊ नका. साबण, पाणी, सुती बंडी, रोज बदललेली, एवढ्यावर त्यांचं भागंल.

प्रश्न : हिंगोलीहून लिहिते. मुलगी साडेआठ वर्षांची आहे, शाळेतून आली की काखेला मोठ्या माणसासारखा वास येतो. जाऊ म्हणते एवढ्या लवकर कसं. मी तिला पावडर लावून पाठवते.

उत्तर : आठ-नऊ वर्षांना वास सुरू होणं नवल नाही, वयात यायच्या आधीची पहिली चाहूल असते ती, छाती-पाळीच्या किती तरी आधी येऊ शकते. मुलीला आठच्या आत अन् मुलाला नऊच्या आत वास, केस, छाती असं काही दिसायला लागलं तर मात्र बालरोगतज्ज्ञाला दाखवून घ्यायचं. तुमच्या मुलीला फक्त काख साबणानं कशी धुवायची ते शिकवा, पोरं नुसती पाण्यात खेळून येतात. पावडर नको, घामात तिचा लगदा होतो, नाकात जाते, अन् टाल्कवर तर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं "बहुधा कॅन्सरकारक" असा शिक्का मारलाय. अन् जाऊबाईंसमोर तिच्या वासाची चर्चा करू नका, तिला कळतं सगळं.

प्रश्न : धाराशिवजवळच्या गावात माझं सासर आहे. सासऱ्यांच्या अंगाला, उशीला, टोपीला दोन महिन्यापासून गुळाच्या पाकासारखा गोड वास येतोय. त्यांना शुगर आहे. कुणी म्हणतं बाहेरचं काही असेल. विचारायची सोय नाही.

उत्तर : बाहेरचं नाही, डब्यातलं असेल. मेथीचे दाणे रात्री भिजवून सकाळी पाणी पितात का बघा, शुगरवाले बरेचजण करतात. मेथीत सोटोलोन नावाचं द्रव्य असतं, ते पचून घामात अन् लघवीत उतरतं अन् अगदी पाकासारखाच वास येतो. मेथी बंद केली की एक-दोन दिवसात वास जातो, म्हणून दोन दिवस बंद करून बघा, तेवढीच तपासणी. लसूण-कांदा-हिंगाचं पण थोडंफार तसंच असतं, पण त्यापायी ठेचा सोडा असं मी मराठवाड्यात राहून सांगणार नाही. मात्र वास तोंडाला येत असेल, पिकल्या फळासारखा, अन् बरोबर उलट्या, लई तहान, धाप असेल तर मेथीची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या, शुगर फार चढल्याचं ते लक्षण असतं. एक सेलूच्या दादांनी रात्री कपडे भिजतील इतका घाम येतो असं लिहिलंय, वजन पण उतरलंय म्हणतात, दोन आठवड्याच्या वर खोकला आहे. दादा, तुम्हाला रोल-ऑन नाही, थुंकी तपासायची गरज आहे, सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी फुकट होते, उद्याच जा.

प्रश्न : लग्नातली पैठणी आहे, ब्लाऊजच्या काखेत घामाचे डाग पडलेत. ड्रायक्लीनला देऊन पण गेले नाहीत. पुढच्या महिन्यात नणंदेचं लग्न आहे.

उत्तर : जुना डाग पूर्ण जाईल असं सांगत नाही. रेशमाला ब्लीच नको, सोडा नको, लिंबू तर नकोच. ब्लाऊजला आतून सुती कापडाचे चंद्रकोरीसारखे तुकडे टाके घालून लावून घ्या, टेलरला घामाची पट्टी म्हणलं की कळतं, कार्यक्रम झाला की उसवून धुवायचे. रोल-ऑन आदल्या रात्री लावा, ऐन वेळेला नाही, अन् अत्तर कापडावर मारू नका. घरी आल्यावर घामेजला ब्लाऊज तसाच घडी करून कपाटात घालू नका, आधी सावलीत वारा द्या.

प्रश्न : तुम्ही स्वतः मेडिकलवाल्या. रोल-ऑन विकायचं म्हणून त्याची बाजू घेता अन् आपल्या आजी-पणजीच्या उपायांना नावं ठेवता. — केजहून एक वाचक

उत्तर : भाऊ, तुरटी पण माझ्याच दुकानात मिळते, दहा रुपयाला खडा, अन् ती वर्षभर पुरते म्हणून तिच्यात नफा काही नाही हे खरं आहे. माझ्या न्हाणीघराच्या खिडकीत एक खडा असतो, यजमानांचा दाढीचा, घासून घासून मधे खोलगट झालाय साबणाच्या वडीसारखा, घरी असले की मी तोच वापरते, स्वतंत्र घे म्हणून तुम्हाला सांगते अन् स्वतः आळस करते. लग्नसराईत अन् दुकानात लाइट गेल्यावर चार-चार तास बसायचं असतं तेव्हा रोल-ऑन. आजीनं नावं ठेवली नसती, ती लिंबू कधी काखेला लावत नव्हती.